बूट काढून ये म्हणावं त्याले

टीव्हीवर शेतीचा नाहीतर बागेचा कार्यक्रम लागला की आमच्या घरात झाड नंतर पाहतात, आधी सांगणारा पाहतात. त्याची नखं कशी आहेत, पायात काय घातलंय, उकिडवं बसता येतं का नुसताच कमरेतून वाकतो, रोप उचलताना देठाला धरतो का खालच्या मातीसकट, ह्यावर त्याचं पास-नापास पहिल्या पाच मिनिटात ठरून जातं आणि मग पुढं तो कितीही चांगलं सांगो, सासूबाई ऐकत नाहीत. मागं एक जण आला होता, चेहरा गोड, आवाज एकदम रेडिओवाला, आणि भर पावसाळ्यात वांग्याच्या वावरात पांढरे बूट घालून उभा. सासूबाई म्हणाल्या, "बूट काढून ये म्हणावं त्याले, मंग सांग."

बाहेरच्या माणसाला हा नुसता टोमणा वाटेल. पण आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली त्यांना कळेल की ह्यात अख्खा तपास आहे. पाऊस पडून गेला की ह्या मातीत बूट घालून दहा पावलं चालून दाखवा, तळव्याखाली चिखलाचा असा थर चढतो की पाय उचलत नाही, बूट तिथंच राहतो आणि पाय वर येतो, म्हणून पावसाळ्यात वावरात उतरताना चप्पल धुऱ्यावर (म्हणजे बांधावर) काढून ठेवतात. बूट पांढरेच राहिले म्हणजे एकतर तिथं पाऊसच झाला नाही किंवा हा बाबा धुऱ्यावरून आत गेलाच नाही, गाडीतून उतरला, उभा राहिला, बोलला, गेला. पुढचं ऐकायचं कशाला मग.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरूडच्या पट्ट्यातलं, म्हणजे संत्र्याचं. वावर पुरुषांचं (निदान सातबाऱ्यावर तरी) आणि घरामागची सांदवाडी बायांची. आमच्या सांदवाडीत न्हाणीचं पाणी जिकडं जातं तिकडं अळू आणि केळी, कुंपणावर दोडके आणि बरबटी (चवळीच्या शेंगा), एका कोपऱ्यात कढीपत्ता, मधल्या वाफ्यांत वांगी, मिरच्या, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), आणि उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला कोहळ्याचा वेल ज्याच्याकडं वर्षभर कोणी पाहत नाही आणि जो सगळ्यात जास्त देतो. टीव्हीवर ह्याला परसबाग म्हणतात. तर ह्या परसबागेसाठी म्हणून आम्ही हे कार्यक्रम पाहतो, आणि खरं सांगू का, माहितीसाठी जेवढे पाहतो त्याच्या दुप्पट नावं ठेवायला पाहतो. ह्यात आनंद वेगळाच आहे. क्रिकेट पाहताना सोफ्यावरचा माणूस बॅट्समनला शिकवतो तर आम्ही माळ्याला शिकवलं तर काय बिघडलं, उलट आम्हाला तर ते काम खरंच येतं.

जुन्या लोकांना विचारा, ते कृषिदर्शनपासून सुरू करतात. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीत सुरू झालेला तो कार्यक्रम, आधी दिल्लीच्या आसपासच्या 80 गावांपुरता होता, तिथं गावात सार्वजनिक टीव्ही ठेवले होते. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि मग आमची माती आमची माणसं आलं, त्याचं नाव काढलं की आमचे चुलत सासरे अजून सावरून बसतात. तेव्हा म्हणे गावात टीव्ही एखाद्याच्याच घरी, अंगणात सतरंजी टाकून बसायचं, आणि टीव्हीतला माणूस म्हणजे साहेब, त्याच्यावर मत द्यायची कोणाची हिंमत नव्हती. एक टेबल, त्यावर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकची फुलं (शेतीच्या कार्यक्रमात प्लास्टिकची फुलं, हे माझ्या लहानपणीसुद्धा मला खटकायचं) आणि दोन खुर्च्यांवर दोन माणसं, एक विचारणार एक सांगणार. सांगणारा विद्यापीठातला. तो जे म्हणायचा ते चुकीचं नसायचं, आजही नसतं. पण ते सगळं हेक्टरात असायचं.

हे हेक्टराचं प्रकरण थोडं सविस्तर सांगते कारण आमच्या घरात ह्यावरून दरवेळी भांडण होतं. वांग्याला हेक्टरी 20 टन शेणखत, असं तो म्हणतो. बरोबर आहे. आता सासूबाई विचारतात, "आपल्या वाफ्याले किती टोपले?" आणि तोवर तो पालाश आणि स्फुरदावर गेलेला असतो. मग मी मोबाईल काढते. हेक्टर म्हणजे 10 हजार चौरस मीटर, 20 टन म्हणजे 20 हजार किलो, म्हणजे एका चौरस मीटरला 2 किलो. आमचा वाफा 10 फूट बाय 4 फूट, म्हणजे पावणेचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसात किलो खत. मुरलेलं, कोरडं शेणखत असलं तर एक टोपलं. संपलं! एवढं एक वाक्य, "चार बाय दहाच्या वाफ्याला एक टोपलं", हे म्हणायला त्या माणसाचं काय गेलं असतं? पण त्याच्या डोक्यात समोर बसलेला माणूस म्हणजे पाच एकरवाला शेतकरी आहे, टोपलं घेऊन उभी असलेली बाई नाही. "नमस्कार शेतकरी बांधवांनो" इथूनच सुरू होतं ना ते. निंदण बायांचं, वेचणी बायांची, सांदवाडी तर पूर्णच बायांची, आणि आमची पाळी येते कधी, तर शेवटी आवळ्याचा मुरब्बा कसा करायचा ते दाखवतात तेव्हा. बरं लागतो तोही संध्याकाळी नेमका भाकरी थापायच्या वेळेला, म्हणजे अर्धा कार्यक्रम आम्ही स्वयंपाकघरातून नुसता ऐकूनच समजून घेतो.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ह्यात सासूबाई आणि मी एका पार्टीत आहोत. निंबोळी अर्क. दर पावसाळ्यात, ऑगस्ट आला की कोणी ना कोणी टीव्हीवर निंबोळी अर्क करून दाखवतंच. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात थोडा साबणाचा चुरा, आणि सगळं मिळून 100 लिटर पाणी करा, झाला 5 टक्के अर्क. कृती एकदम बरोबर, मावा-तुडतुड्यावर आम्हीही मारतो, मिरचीवर कोकडा (पानं आकसायचा रोग) दिसायच्या आधीपासून मारलं तर बराच फरक पडतो. पण भाऊ, निंबोळ्या झाडाखाली पडतात त्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर. तेव्हा वेचल्या, गर काढून धुतल्या, सावलीत वाळवल्या, तर ऑगस्टात त्या तुमच्याकडे असणार. ऑगस्टात सांगितलं तर काय करायचं, तोवर खाली पडलेल्या सगळ्या कुजून त्यांची रोपं उगवलेली असतात. हाच कार्यक्रम जूनच्या पहिल्या आठवड्यात लावा ना, नुसतं एवढंच सांगा की पोत्यात भरून ठेवा, कशाला ते पुढं सांगू. पण तेव्हा त्यांचं खरीपपूर्व नियोजन चालू असतं, कॅलेंडरात तसं लिहिलं असेल.

दुपारी शूटिंग करतात हे तर कोणीही ओळखेल. सावली पायाखाली आणि हा रोप लावतोय. लावणी नेहमी ऊन कलल्यावर, रात्रभर रोपाला दम घ्यायला मिळतो, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. कॅमेऱ्याला उजेड लागतो हे आम्हालाही कळतं हो, पण मग निदान तोंडानं तरी म्हण की बाबांनो आम्ही शूटिंगसाठी दुपारी लावतोय, तुम्ही संध्याकाळी लावा. एकानंही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता मोबाईल आल्यापासून पुण्या-मुंबईचे गच्चीवरचे बागवाले आले, त्यांचं तर वेगळंच. कोकोपीट, परलाईट, व्हर्मिक्युलाईट, ह्याचा एक भाग त्याचे दोन भाग, पहिल्यांदा आम्हाला वाटलं केकची रेसिपी लागली. आमच्या जाऊबाईंना त्यातली एक ताई फार आवडते, तिच्या कुंड्या इतक्या सुंदर की विचारू नका. ती सांगते, टोमॅटोला सहा ते आठ तास भरपूर ऊन लागतं, कुंडी उन्हात ठेवा. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर हापशाचा दांडा हातात धरवत नाही, तिथं कुंडी उन्हात ठेवली तर टोमॅटो झाडावरच शिजतात आणि फूल तर लागतच नाही, गळून जातं. जाऊबाईंनी एकदा कमेंटमध्ये विचारलं की ताई विदर्भात काय करायचं, तर त्या ताईनं हार्ट पाठवला. जाऊबाई तेवढ्यावरच खूष. मी म्हटलं अहो उत्तर कुठंय, तर म्हणाल्या, "उत्तर दिलं नाही पण वाचलं तर ना!" ह्यावर काय बोलणार.

पण मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचं होतं ते हे नाही. बूट, हेक्टर, दुपारचं ऊन, ही सगळी वरवरची भांडणं झाली. माझा खरा राग यशोगाथेवर आहे.

तुम्ही कोणताही शेती कार्यक्रम लावा, सरकारी असो की प्रायव्हेट, अर्धा वेळ यशोगाथा. प्रगतशील शेतकरी, मागं हिरवंगार, ठिबकच्या नळ्या, निवेदक विचारतो "दादा एकरी किती उत्पन्न मिळालं", दादा एक आकडा सांगतात, निवेदक कॅमेऱ्याकडं वळून भुवया उंचावतो, संगीत. आमच्या शेजारच्या गावात आली होती अशी एक टीम, संत्र्याच्या बागेत. बाग खरोखरच देखणी होती, आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलतो तो) असा लदबदलेला की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. आम्ही सगळे मोबाईलवर परत परत पाहिलं, आपल्याकडचं वावर टीव्हीवर दिसतंय म्हणून. त्यानंतर पावसानं दगा दिला, विहीर आटली, बोअर आणखी खोल नेला तरी धूळच, टँकरनं झाडं जगवायचं पाहिलं, टँकरचे पैसे फळाच्या पैशाच्या पुढं गेले. शेवटी त्या माणसानं बाग तोडली. संत्रा लावल्यापासून पहिलं धड फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि कटर मशीननं झाड आडवं व्हायला काही मिनिटं. लाकडाच्या गाड्या आमच्याच रस्त्यानं गेल्या.

टीव्हीवाले परत आले नाहीत. येणारही नव्हते, त्यांचा काही दोष आहे असंही मी म्हणत नाही, त्या दिवशी बाग हिरवी होती आणि त्यांनी हिरवी दाखवली, खोटं काहीच नाही. पण तो व्हिडिओ अजून आहे. अजून लोक तो पाहतात, खाली विचारतात "कलम कुठून आणलं", "ठिबकचा खर्च किती". आमच्या गावातल्या एका पोरानं तो पाहूनच दोन एकरात संत्रा लावला, आणि शेजारच्या गावात जाऊन त्या बागेची जागा पाहून यायला त्याला सायकलनं अर्धा तास लागला असता. आता सांगा.

म्हणजे मला असं वाटतं की सांगणारा कसा आहे हे त्याच्या बुटावरून, बोलण्यावरून ठरवण्यात आपण उगाच वेळ घालवतो, त्याच्याबद्दल एकच विचारायला पाहिजे की हा त्याच जागी परत आला का. तण माजल्यावर आला का, अळी पडल्यावर आला का, भाव पडल्यावर आला का.

आमचा पुतण्या अकोल्याला ॲग्रीला आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, त्यानं सुट्टीत आल्यावर मला बीबीसीच्या गार्डनर्स वर्ल्डचे तुकडे दाखवले. इंग्रजांचा कार्यक्रम, 1968 पासून चालू आहे. मला सगळं इंग्रजी कळत नाही, तो सांगत होता आणि मी पाहत होते. त्यातला आत्ताचा माणूस माँटी डॉन, तो त्याच्या स्वतःच्या बागेतूनच कार्यक्रम करतो, लाँगमेडो नाव आहे बागेचं, 2011 पासून तीच बाग. त्याच्या आधी जेफ हॅमिल्टन म्हणून होता, तोही बार्न्सडेलच्या एकाच जागेतून वर्षानुवर्षं दाखवायचा. म्हणजे काय होतं, मार्चमध्ये लावलेलं ऑगस्टात काय झालं हे प्रेक्षकाला दिसतंच, लपवायची सोयच नाही. माँटी डॉनच्या बागेत बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणं होती, घासून-पुसून कातरलेली, बाग त्याच्यावरच उभी असल्यासारखी दिसायची, त्यांना बुरशीचा रोग लागला, आणि त्यानं ती कुंपणं उपटून टाकतानाही दाखवलं. एवढा मोठा टीव्हीवरचा माणूस, सगळ्या देशासमोर आपली मेलेली झाडं उपटतोय. मला तर फारच आवडलं.

सासूबाईंना वेगळंच आवडलं. "कुत्रा चांगला आहे त्याचा," म्हणाल्या. त्या कुत्र्याचं नाव नायजेल, तो 2020 मध्ये गेला तेव्हा तिकडं लोक रडले होते म्हणे. आणि मग बराच वेळ माँटी डॉनकडं पाहून, "कपडे मळले हायेत ना, काम करत असन बुढा." पास! पुतण्यानं त्यांना सांगितलं की आजी ह्याच्याकडं बागकामाची पदवी नाही, इंग्रजी साहित्य शिकलाय, आधी नकली दागिन्यांचा धंदा होता तो बसला. तर म्हणतात, "धंदा बसल्यावरच माणूस मातीत हात घालते बाप्पा, त्याच्याआधी कोण घालते?"

अर्थात तिकडंही सगळे खूष नसतात, ही गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली. हा फारच बडबडतो, त्याची बाग आमच्या परवडीची नाही, पूर्वीचा बरा होता, अशी नावं तिकडचे लोकही ठेवतात. आणि त्यांच्याकडचं पाणी-पाऊस इतकं वेगळं की त्यातलं एक झाडसुद्धा आपल्या कामाचं नाही, तिकडं मे महिन्यात थंडी परत येईल म्हणून रोपं झाकतात. मी काही लागवड शिकायला ते पाहत नाही. पण पुतण्यानं एक किस्सा सांगितला तो डोक्यातून जात नाही. सुरुवातीच्या काळात पर्सी थ्रोअर नावाचा माळी हा कार्यक्रम करायचा, घराघरात माहीत असलेला माणूस. त्यानं 1976 मध्ये आयसीआय ह्या खतं-औषधंवाल्या कंपनीच्या जाहिराती करायचं कबूल केलं, तर बीबीसीनं त्याला कार्यक्रमातून काढलं. विषय संपला. जो लोकांना सांगतो की काय फवारा, त्यानं फवाऱ्याच्या कंपनीचे पैसे घ्यायचे नाहीत.

आपल्याकडं हे सांगितलं तर लोक हसतील. आपल्याकडं कार्यक्रमाच्या आधी बियाणं, मधे टॉनिक, शेवटी तणनाशक. आणि मोबाईलवरचे नवीन निवेदक तर बोलता बोलताच बाटली कॅमेऱ्यासमोर धरतात, लेबल सरळ करून. औषध कोणतं घ्यायचं हे गावात तसंही कृषी केंद्रवाला सांगतो आणि उधारीवर असल्यामुळं तो देईल ते घ्यावं लागतं, निदान टीव्हीवाल्यानं तरी मोकळ्या तोंडानं बोलावं एवढीच अपेक्षा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, कितीतरी दवाखान्यात होते, ते आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. त्याच्या आधी मी स्वतः पाहिलेल्या किती कार्यक्रमांत फवारणारा माणूस बनियनवर, तोंड उघडं, आणि बाजूला निवेदक हसत हसत विचारतोय की दादा रिझल्ट कसा आहे. तेव्हा कोणाला खटकलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू, रोजच डोळ्यासमोर होतं ते. आता मास्क-हातमोजे दाखवतात, वाऱ्याच्या दिशेबद्दल सांगतात, चांगलं आहे. फक्त ज्या उन्हात ते घालून दोन तास पाठीवर पंप घ्यायचा असतो त्या उन्हात सांगणारा स्वतः कधी दिसत नाही.

एक अपवाद आहे, आणि तिच्यावरून आमच्या घरात दोन गट आहेत. एक मुलगी आहे, पंचवीस-सव्वीसची असेल, कॉलेजातून निघाल्यासारखी, मोबाईलवरच असते ती, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिनं एकदा वांग्या-मिरचीची रोपं दाखवली, आणि वाफ्यातली अर्धी जमिनीलगत सडून आडवी पडलेली. कॅमेरा जवळ नेला तिनं. देठ मातीला टेकतो तिथं पिळल्यासारखा बारीक झालेला, वरची पानं अजून हिरवी, म्हणजे वरून पाहिलं तर कळतच नाही की हे मेलंय. मग म्हणाली, हे माझ्याकडून गेलं, बी दाट पडलं आणि पाणी जास्त झालं, आता गादीवाफा करून, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळून, पातळ पेरून परत करते. आणि खरंच परत केलं, पुढं ती उरलेली आणि नवी दोन्ही दाखवली.

मी म्हटलं, ही खरी. सासूबाई म्हणाल्या, "तिचं मेलं म्हणजे तिले येत नाही. जिले येत नाही तिचं आपण कायले ऐकाचं?"

ह्यावर मी जोरात काहीतरी बोलणार होते पण नंतर विचार केला तर त्यांचंही एकदम चूक नाही. त्यांनी आयुष्यभर रोपं टाकली, त्यांची अशी सडत नाहीत, राखेचा हात कधी फिरवायचा आणि पाणी कधी तोडायचं हे त्यांना मोजून सांगता येत नाही पण हाताला माहीत आहे. त्यांना शिकवणारा हवा तर त्यांच्यापेक्षा वरचा हवा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पालकही उगवता येत नव्हता, माझ्यासाठी ती मुलगी बरी कारण ती माझ्याच पायरीवर उभी आहे आणि एक पायरी वर चढून दाखवते. म्हणजे एकाच टीव्हीसमोर बसलेल्या दोन बायांना दोन वेगळे माळी पाहिजेत. चॅनेलवाल्यांची पण कमाल आहे म्हणा, कोणाकोणाला पुरे पडणार.

दरम्यान चॅनेलवाल्यांनी त्यांच्या परीनं उत्तर काढलंच. डीडी किसान हे शेतीचं वेगळं चॅनेल 26 मे 2015 ला सुरू झालं होतं, त्याला नऊ वर्षं झाली त्याच दिवशी, 26 मे 2024 ला, त्यांनी क्रिश आणि भूमी नावाचे दोन एआय निवेदक आणले. कॉम्प्युटरनं बनवलेली माणसं. 50 भाषांत बोलू शकतात, थकत नाहीत, न थांबता बातम्या वाचतात. हवामान, बाजारभाव, योजना, हे सगळं वाचायला काय हरकत आहे, त्यात मला तरी काही वाईट वाटत नाही, भाव वाचायला हाताला माती लागलेली असायची गरज नाही. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी नेहमीप्रमाणं आधी हाताकडं पाहिलं. मी सांगितलं की आई हा माणूसच नाही, मशीन आहे. तर म्हणाल्या, "मंग बरं हाय, ह्याले कोणी जेवाले तरी घालत नसन. तो मांगचा टीव्हीवाला आला तर सरपंचानं पाटोड्या केल्या होत्या अन् बागेत दहा मिनिटं थांबला नाही."

आता माझं एक म्हणणं आहे, कोणी चॅनेलवालं वाचत असेल तर. यशोगाथा बंद करा दोन वर्षं. विदर्भातल्या एका गावातली एकच सांदवाडी घ्या, फार तर वीस बाय तीस फूट, न्हाणीचं पाणी आणि एक हापशी, ह्याच्यापलीकडं पाणी नाही. नवतपात सुरू करा, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात ते दाखवा. निंबोळ्या पडल्या की वेचताना दाखवा. पावसात आठ दिवस झड लागली की पालक कसा पिवळा पडतो ते, कारल्याला फळमाशी लागून आतून किडे निघतात ते, शेजाऱ्याची बकरी आत शिरते ते (बकरीवर आजपर्यंत एकाही कृषी शास्त्रज्ञानं उपाय सांगितला नाही), दिवाळीनंतर वांग्यांचा असा महापूर येतो की शेजारी दार लावून घेतात ते. आणि सांगणारा तोच पाहिजे, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच माणूस.

हे मी घरी बोलून दाखवलं तर लगेच निवेदक कोण ह्यावर सुरू झालं. आमचे हे म्हणाले कृषी सहायक साहेबांना घ्या, त्यांना बोलायची सवय आहे. चुलत सासरे म्हणाले मीच करतो. जाऊबाईंना त्यांची पुण्याची ताई पाहिजे, ती येईल का बाई आपल्या गावाला, राहायची सोय कुठं करायची, इथपर्यंत त्या गेल्या. सासूबाईंनी सगळ्यांना उडवून लावलं आणि शेजारच्या काकूंचं नाव घेतलं. काकूंचा दीड एकराचा तुकडा आहे, तोही कोरडवाहू, त्यामुळं निंदणाला, वेचणीला दुसऱ्यांच्या वावरात जातात, आणि त्यांच्या सांदवाडीसारखी सांदवाडी पंचक्रोशीत नाही हे खरंच आहे, त्यांच्याकडं भर मे महिन्यात सांबार असतो. काकू तेव्हा विरजण मागायला आल्या होत्या, दारातच उभ्या. त्यांना विचारलं, काकू टीव्हीवर याल का बागेचं सांगायला. त्यांनी वाटी हातातून हातात घेतली, थोडा विचार केला.

"येतो ना," म्हणाल्या, "पण त्या कॅमेऱ्यावाल्याले सांगजा, सकाळी सहाच्या आत ये म्हणावं. मंग मले मजुरीले जा लागते."